जुन्या पेटंट-आकृत्यांची शुभेच्छापत्रे : परवानगीपेक्षा रेघेचा प्रश्न मोठा

निपाणीच्या एका भगिनींचा प्रश्न आहे. त्यांचे भेटवस्तूंचे लहानसे दुकान आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या जुन्या पेटंट-आकृत्या, म्हणजे सेफ्टी पिन, खोडरबर जोडलेली पेन्सिल, सायकल अशा वस्तूंची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची रेखाचित्रे, पहिल्या पानावर छापून त्यांना शुभेच्छापत्रांचा एक संच काढायचा आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. या आकृत्या छापण्यासाठी कोणाची परवानगी लागते का, त्यांच्या चांगल्या प्रती कोठे मिळतात, आणि नमुना म्हणून डिजिटल मशीनवर छापून घेतलेले कार्ड संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसत असूनही कागदावर मळकट का आले.

मी बेळगावात छपाईच्या व्यवसायात आहे. लग्नपत्रिका, निमंत्रणे, दुकानांची बिलबुके आणि शुभेच्छापत्रे ही आमची रोजची कामे असून ठसा दाबून छापणाऱ्या जुन्या ट्रेडल मशीनपासून ऑफसेट (प्लेटवरून होणारी छपाई), स्क्रीन (जाळीतून होणारी छपाई) आणि डिजिटलपर्यंत सर्व प्रकारांवर मी ती केलेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, तुम्ही शेवटी सहज म्हणून लिहिलेली तिसरी शंका हाच या कामाचा गाभा आहे. परवानगीचा प्रश्न योग्य निवड केली तर सुटतो आणि प्रती घरबसल्या मिळतात. मात्र पेटंटची आकृती म्हणजे केवळ रेघांचे काम असते. तिच्यात रंग नाही, छटा नाही, फोटोसारखे काही नाही. ती रेघ स्कॅनपासून कागदापर्यंत जिवंत पोहोचली तर कार्ड उभे राहते, नाहीतर कितीही भारी कागद वापरला तरी ते पडते.

आधी परवानगीचे पाहू. येथे तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ ते एकत्र धरल्यामुळे होतो. पहिला पेटंटचा हक्क. तो वस्तू बनवण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा असतो, तिचे चित्र दाखवण्याचा नसतो. शिवाय तो ठरावीक मुदतीचा असतो. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने ती मुदत १४ वर्षे होती, १८६१ पासून १७ वर्षे झाली आणि आज ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. म्हणजे १८४९ च्या सेफ्टी पिनेचे पेटंट आपल्या पणजोबांच्याही आधी संपलेले आहे. दुसरा हक्क कॉपीराइटचा, म्हणजे त्या चित्रावरचा. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची भूमिका अशी आहे की, पेटंटमधील मजकूर आणि आकृत्या यांवर सर्वसाधारणपणे कॉपीराइटचे बंधन नसते. अर्जदाराने नियमानुसार तशी सूचना त्यातच नोंदवली असेल तर तेवढा अपवाद. ही सूचना आपल्या कामाच्या जुन्या आकृत्यांवर आढळत नाही. भारतीय कायद्याच्या बाजूनेही निश्चिंत राहायचे असेल, तर १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो हे ध्यानात घेऊन मी एक साधी मर्यादा पाळतो : पहिल्या संचासाठी १९०५ च्या आतल्याच आकृत्या घ्याव्यात. १९०५ मध्ये पंचविशीत असलेला आरेखक १९६५ मध्ये पंच्याऐंशी वर्षांचा झाला असता, त्यामुळे ही मर्यादा पाळली की शंकेला फारशी जागा उरत नाही.

तिसरा हक्क ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाच्या नावावरचा आणि चिन्हावरचा, आणि कार्ड छापणारे नेमके येथेच अडकतात, कारण ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिले तर कधीच संपत नाही. प्लास्टिकच्या प्रसिद्ध खेळण्यातील विटांचे किंवा जमीन-घरे विकत घेण्याच्या प्रसिद्ध पटावरील खेळाचे पेटंट कधीच संपले असले, तरी त्यांची नावे आजही कंपन्यांची आहेत. तीच गोष्ट दाढीच्या वस्तऱ्याची. किंग जिलेट यांचे १५ नोव्हेंबर १९०४ चे पेटंट, क्रमांक ७,७५,१३४, वयाच्या मर्यादेत बसते, पण आकृतीच्या शिरोभागी छापलेले आडनाव आजही दुकानात विकले जाते. शिवणयंत्राच्या बाबतीत म्हणूनच मी आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या पेटंटाऐवजी इलियास हाव यांचे १० सप्टेंबर १८४६ चे, क्रमांक ४,७५०, सुचवतो. चित्र कितीही आवडले तरी, ज्याच्यावरचे नाव आज एखाद्या वस्तूच्या खोक्यावर दिसते ते पहिल्या संचात घेऊ नये. कायदेशीर सल्ल्याची गरज पडेल इतका मोठा धंदा झाल्यावर वकिलाला विचारून पुढचे ठरवावे.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर हीच चित्रे कोणीतरी निळ्या किंवा तपकिरी पार्श्वभूमीवर नव्याने रंगवून पोस्टर म्हणून विकत असतो. ती घेऊ नयेत. मूळ आकृती सर्वांची असली, तरी तिच्यावर त्या माणसाने केलेले काम त्याचे आहे. शिवाय त्याने रेघांचे काय केले आहे हे तुम्हाला कळत नाही. मूळ स्कॅनच घ्यावा.

मूळ स्कॅन गूगल पेटंट्सवर मिळतो. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत यूएस ही दोन अक्षरे आणि त्याला जोडून पेटंटचा क्रमांक, मध्ये स्वल्पविराम न देता, लिहावा आणि पीडीएफ उतरवून घ्यावी. वस्तूचे नाव टाकून शोधू लागलात तर जुनी पेटंटे हाताला नीट लागत नाहीत, कारण त्यांचा मजकूर स्कॅनवरून यंत्राने वाचलेला असतो आणि त्यात चुका भरपूर असतात. म्हणून आधी क्रमांक शोधावा आणि मग चित्र. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या मोफत संग्रहातही ही पाने आहेत. एकाच पेटंटाचा स्कॅन एका ठिकाणी फिकट आणि दुसऱ्या ठिकाणी गडद असू शकतो, त्यामुळे दोन्ही उतरवून शेजारी ठेवून पाहावे.

काही क्रमांक येथेच देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. वॉल्टर हंट यांची सेफ्टी पिन, १० एप्रिल १८४९, क्रमांक ६,२८१. डेव्हिड स्मिथ यांचा कपड्यांचा चिमटा, १८५३, क्रमांक १०,१६३. हायमन लिपमन यांची खोडरबर जोडलेली पेन्सिल, ३० मार्च १८५८, क्रमांक १९,७८३. पिएर लालेमाँ यांची दोनचाकी, २० नोव्हेंबर १८६६, क्रमांक ५९,९१५. मार्गारेट नाइट यांचे सपाट बुडाच्या कागदी पिशव्या बनवणारे यंत्र, ११ जुलै १८७१, क्रमांक १,१६,८४२. विल्यम पेंटर यांचे बाटलीचे दंतुर झाकण, २ फेब्रुवारी १८९२, क्रमांक ४,६८,२२६. मेरी अँडरसन यांचा काचेवरचा वायपर, १० नोव्हेंबर १९०३, क्रमांक ७,४३,८०१. एडिसन यांचा २७ जानेवारी १८८० चा विजेचा दिवा, क्रमांक २,२३,८९८, मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वत्र दिसतो आणि त्याच्यामुळे तुमच्या संचाला वेगळेपण येत नाही.

आता मळकटपणाकडे येऊ. त्याचे कारण समजण्यासाठी ही चित्रे मुळात कशी काढली जात हे माहीत असणे उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे नियम फार काटेकोर होते. जाड, गुळगुळीत, पांढरा शुभ्र ब्रिस्टल बोर्ड, आकार १० बाय १५ इंच, कडेपासून एक इंच आत आखलेली चौकट, फक्त लेखणी आणि गडद काळी शाई. रेघ स्वच्छ, धारदार, भरीव हवी, फार बारीक किंवा दाटीची नको. उजेड डावीकडून वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत पडतो असे धरायचे आणि म्हणून वस्तूच्या उजव्या व खालच्या कडेची रेघ जाड काढायची. हे नियम सौंदर्यासाठी नव्हते. ती पाने फोटोलिथोग्राफीने, म्हणजे फोटो काढून त्यावरून केलेल्या छपाईने, लहान करून छापली जात असल्यामुळे रेघ अर्धवट काळी असून चालणारच नव्हते. म्हणजे या नियमांनुसार काढलेली चित्रे जन्मतःच एका शाईच्या छपाईसाठी काढलेली आहेत. त्यांना चार रंगांत, छटांमध्ये, पार्श्वभूमीवर बसवायला गेलो की आपण त्यांच्या मूळ हेतूच्या उलट जातो, आणि मळकटपणा तेथून सुरू होतो.

तुमच्या नमुन्यात काय झाले असावे हे प्रत्यक्ष न पाहता खात्रीने सांगता येणार नाही, पण बहुतेक वेळा तीन कारणे असतात आणि तिन्ही एकत्र असतात. एक, पडद्यावरच्या चित्राचा स्क्रीनशॉट घेतलेला असतो किंवा फाइल जेपीजीमध्ये साठवलेली असते. जेपीजी प्रत्येक रेघेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ सोडते. पडद्यावर ती जाणवत नाही, कागदावर ती मळ म्हणून उतरते. दोन, काळा रंग चार शायांचा मिळून बनलेला असतो. चार शाया केसाएवढ्या जरी एकमेकींवरून सरकल्या तरी बारीक रेघेला लाल-निळी किनार दिसते. तीन, मूळ मोठ्या पानाची आकृती संपूर्ण घेऊन कार्डावर निम्म्याने लहान केलेली असते, त्यामुळे छटेसाठी ओढलेल्या समांतर बारीक रेघा एकमेकींना चिकटून काळपट डाग होतो.

यावर मी करतो ते असे. पीडीएफमधून पान त्याच्या मूळ रूपात, टिफ म्हणून, बाहेर काढतो. स्कॅन फक्त काळा-पांढरा आणि इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो. मजकूर वाचण्यासाठी तो पुरेसा आहे, पण भरीव रेघेच्या छपाईला १२०० तरी हवेत. म्हणून तो आधी मोठा करून, कडा किंचित मऊ करून, पुन्हा निव्वळ काळा-पांढरा करतो आणि मग कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करतो, म्हणजे ठिपक्यांच्या जागी आखीव रेघा करून घेतो. तुमच्याकडे कोरल नसेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर हे काम तितकेच चांगले करते. ट्रेस करताना गुळगुळीतपणा फार वाढवला तर पिनेचे टोक गोल होते आणि कमी ठेवला तर रेघेला पायऱ्या पडतात. मधला बिंदू प्रत्येक चित्राला वेगळा असतो आणि तो मूळ स्कॅन मागे ठेवून, झूम करूनच सापडतो. ठिपके आपोआप पुसणारी सोय मी वापरत नाही. ती स्कॅनच्या धुळीबरोबर आरेखकाने मुद्दाम दिलेले छटेचे ठिपके आणि आकृतीतल्या अक्षरांपुढची टिंबेही पुसते. डाग हाताने एकेक काढावेत. वेळ जातो, पण पाच-सहा चित्रांच्या संचात हे एकदाच करायचे असते आणि ती फाइल पुढे वर्षानुवर्षे चालते.

काय ठेवावे आणि काय काढावे याबद्दल माझे मत ठाम आहे. आकृतीचे क्रमांक, भागांना दिलेली अक्षरे, त्यांच्याकडे नेणाऱ्या बारीक रेघा आणि असतील तर खालच्या साक्षीदारांच्या व शोधकाच्या सह्या ठेवाव्यात. त्या काढल्या की उरते ते एका पिनेचे साधे चित्र. पेटंटाचे पान असल्याची सगळी लज्जत त्या अक्षरांत आणि सह्यांत आहे. कार्यालयाचे शिक्के, ग्रंथालयाच्या खुणा आणि स्कॅनरच्या कडेची काळी पट्टी मात्र काढून टाकावी.

संपूर्ण पान बसवण्याचा मोह सोडावा. मार्गारेट नाइट यांचे पिशव्यांचे यंत्र मला अतिशय आवडते. एका माणसाने त्यांच्या यंत्राची नक्कल करून स्वतः पेटंट मागितले, तेव्हा त्यांनी भांडून आपला हक्क मिळवला, हा इतिहासही सांगण्यासारखा आहे. पण ती आकृती दाते, चाके आणि दांड्यांनी भरलेली आहे. सव्वाचार इंच रुंदीच्या कार्डावर ती काळा चौकोन दिसते. ती छापायचीच असेल तर एकच भाग निवडून मोठा घ्यावा. याउलट हंट यांची पिन, लिपमन यांची पेन्सिल आणि लालेमाँ यांची दोनचाकी या आकृत्यांत मोकळी जागा भरपूर आहे आणि त्या कार्डासाठीच काढल्यासारख्या बसतात. पारख करायची सोपी रीत म्हणजे चित्र कार्डाच्या खऱ्या मापात, छपाईला वापरणार त्याच कागदावर, साध्या लेझर प्रिंटरवर काढावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. छटेच्या रेघा वेगळ्या दिसल्या तर चित्र घ्यावे, करडा डाग दिसला तर सोडावे.

येथवरचे थोडक्यात असे : १९०५ च्या आतली, चालू ब्रँडचे नाव नसलेली आकृती, मूळ पीडीएफ, स्क्रीनशॉट नाही, ट्रेस केलेली रेघ, आणि एकच भरीव शाई. पुढचे सर्व निर्णय या शेवटच्या अटीवरून निघतात.

एक शाई म्हणजे काळीच असली पाहिजे असे नाही. ऑफसेटवर छापणार असाल तर गडद निळी किंवा चॉकलेटी शाई तयार करून एका प्लेटने छापता येते आणि रेघ तितकीच धारदार राहते. तीच चॉकलेटी छटा डिजिटल मशीनवर मागितली तर मशीन ती चार रंगांच्या ठिपक्यांतून बनवते आणि बारीक रेघ तुटक होते. म्हणून डिजिटलवर छापायचे असेल तर शंभर टक्के काळा, आणि बाकी तीन रंग शून्य, असेच फाइलमध्ये भरून द्यावे आणि ऑपरेटरला तसे सांगून ठेवावे. काही मशीनांची सेटिंग काळ्यात आपण होऊन इतर रंग मिसळते. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा ही इंटरनेटवरची आवडती तऱ्हा आहे, तिच्या वाटेला मी जात नाही. भरीव शाईत सोडलेली पांढरी बारीक रेघ दोन्ही बाजूंनी शाई पसरून बुजते, आणि ही पाने काळ्या रेघेची, पांढऱ्या कागदावरचीच होती, त्यामुळे तो निळा रंग त्यांच्यावर लादलेला आहे. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या डागांसारखी पिवळट पार्श्वभूमी घालणे त्याहून वाईट. ती रेघेचा उठाव खाते. लग्नपत्रिकांसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी सोनेरी फॉइलही येथे चालत नाही, कारण जवळजवळच्या रेघांमधली जागा ती भरून टाकते.

छपाई कोणत्या मशीनवर करावी हे केवळ संख्येवर अवलंबून आहे. प्रत्येक चित्राची पन्नास-शंभर कार्डे करून बाजार पाहायचा असेल तर डिजिटल. चित्रे ठरली, मागणी कळली आणि हजाराच्या घरात जायचे झाले की ऑफसेट. स्क्रीन प्रिंटिंग मधल्या संख्येला परवडते आणि तिची शाई कागदावर सुंदर बसते, पण बारीक जाळी आणि हाताचा पक्का कारागीर असेल तरच. तुमच्या ओळखीत कोणाकडे ट्रेडल मशीन अजून चालू स्थितीत असेल, आणि ती आता बहुधा नंबरिंग, क्रीजिंग (घडीसाठी दाबून खाच पाडणे) व पंचिंगलाच वापरली जाते, तर एका चित्राचा पॉलिमर ब्लॉक, म्हणजे उठावाचा प्लास्टिकसारखा ठसा, करून मऊ, बिनचकाकीच्या कागदावर छापून पाहावे असे मी आग्रहाने सुचवीन. अक्षर आणि रेघ कागदात किंचित दबते आणि बोटाला लागते. अशा चित्राला याहून योग्य छपाई मला ठाऊक नाही. खर्च जास्त येतो, म्हणून संचातले एकच कार्ड तसे करून ते वेगळ्या किमतीला ठेवता येते.

कागद बिनचकाकीचा, २७० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि निखळ पांढरा किंवा अगदी हलका क्रीम घ्यावा. चकचकीत आर्ट कार्ड दोन कारणांनी नको. रेघेवर उजेड चमकतो, आणि शुभेच्छापत्रात लोक आत पेनाने लिहितात, ती शाई त्यावर वाळत नाही, पुसटते. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर असावी, आणि घडी घालण्यापूर्वी क्रीजिंग झालेच पाहिजे, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो.

मापाबद्दल माझा सल्ला असा की, कार्ड ठरवण्याआधी पाकीट ठरवावे. बाजारात तयार मिळणाऱ्या पाकिटांची मापे पाहून त्यापेक्षा पाव इंच लहान कार्ड करावे. कार्डासाठी मुद्दाम पाकीट बनवून घेतले तर सगळा हिशेब बिघडतो. ५ बाय ७ इंचाचे कार्ड लोकांना ओळखीचे वाटते, पण उघडल्यावर ते १० बाय ७ होते आणि डिजिटलच्या १३ बाय १९ इंची तावात अशी दोनच बसतात. सव्वाचार बाय पावणेसहा इंचाचे कार्ड उघडून साडेआठ बाय पावणेसहा होते आणि त्याच तावात चार बसतात. चित्राची पार्श्वभूमी पांढरी असल्यामुळे कापायला कडेने जादा रंग सोडावा लागत नाही, हा आणखी फायदा. मात्र अशी चार बसवली की घडी तावाच्या आखूड बाजूला समांतर येते, म्हणून ग्रेनही आखूड बाजूने जाणारा ताव मागावा किंवा मोठ्या शीटमधून तसा कापून घ्यावा. टपालाचाही विचार आहे : ३०० जीएसएमचे मोठे कार्ड साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते आणि पाकिटासह साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या टप्प्याच्या काठावर जाते, तर लहान कार्ड साडेनऊ ग्रॅमचे असून पाकिटासह निर्धास्त आत राहते.

आता या सगळ्याहून मनापासून ज्यावर बोलावेसे वाटते ते : कोणती वस्तू कोणासाठी. पेटंटचे चित्र कुतूहल जागवते, पण कुतूहलासाठी कोणी शुभेच्छापत्र विकत घेत नाही. एखाद्या माणसाला देण्यासाठी घेतो. म्हणून वस्तूमागे माणूस दिसला पाहिजे. आपल्या घरांतल्या आया-मावश्यांच्या मंगळसूत्राला किंवा बांगडीला दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात आणि ऐन वेळी कोणाच्याही उपयोगी पडतात. त्या पिनेचे १८४९ चे चित्र आईच्या वाढदिवसाला किंवा भाऊबीजेला बहिणीला दिले, आणि आत एवढेच लिहिले की ‘वेळ निभावून नेणाऱ्या तुझ्या हातांना’, तर त्या कार्डाला काही अर्थ येतो. हंट यांनी आपले हक्क ४०० डॉलरना विकून टाकले अशी कथा सांगितली जाते. ती मागच्या बाजूला दोन ओळींत द्यावी. खोडरबराची पेन्सिल ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनासाठी. शिवणयंत्र शिलाईकाम करणाऱ्या काकूंसाठी, आणि शहापूर-वडगावच्या विणकर घरांतूनही ते कार्ड जाईल. वायपर पावसाळ्यात, वडिलांसाठी किंवा गाडी चालवणाऱ्या कोणासाठीही. सायकलीचे कार्ड बेळगावकरांसाठी करायलाच हवे, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात याच गावातल्या सायकलींच्या दुकानापासून झाली, आणि येथल्या जुन्या माणसांना ते सांगावे लागत नाही.

गिऱ्हाईक कोठे आहे याचाही विचार येथूनच करावा. आपल्या भागात आरेखन वाचता येणारी माणसे पुष्कळ आहेत. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, पॅटर्न बनवणारे, लेथवर काम करणारे, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी यांना छेदचित्र म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. पेंटर यांच्या झाकणाचा बाटलीच्या तोंडासह घेतलेला छेद पाहून त्यांचे डोळे चमकतील. तेच कार्ड भेटवस्तूंच्या दुकानात इतरांना कदाचित कळणारही नाही. म्हणून दुकानासाठी वस्तू चटकन ओळखू येईल अशी चित्रे आणि कारखानदार मंडळींसाठी छेद व तपशील असलेली, असे दोन वेगळे संच मनात ठेवावेत.

मराठी माणसाचे पेटंटही या संचात असावे असे मला फार वाटते. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबईत १८६७, मृत्यू न्यूयॉर्कमध्ये १९३५, यांनी टाइप पाडण्याच्या, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे ओतण्याच्या, यंत्रात मोठे काम केले आणि त्यांची पेटंटे अमेरिकेच्या संग्रहात आहेत. इंग्रजीत त्यांचे आडनाव बी-एच-आय-एस-ई-वाय असे लिहिलेले सापडते. त्यांची यंत्रे गुंतागुंतीची आहेत, तेव्हा एक भाग निवडूनच छापावा लागेल, आणि १९०५ नंतरचे पेटंट घेणार असाल तर कॉपीराइटचा विचार पुन्हा स्वतंत्रपणे करावा. ज्याने छपाईचा खिळा ओतण्यासाठी आयुष्य घातले त्याचे चित्र आपल्या हातून छापले जावे ही मुद्रक म्हणून माझी इच्छा आहे. भारताच्या पेटंट इतिहासाची सुरुवातही रोजच्या वस्तूनेच झाली आहे : १८५६ मध्ये जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी विशेषाधिकार, म्हणजे त्या वेळचे पेटंट, मागितला. एखाद्या कार्डाच्या मागे देण्यासाठी ही माहिती चांगली आहे.

मागच्या बाजूच्या माहितीत एक काळजी घ्यावी. ‘यांनी शोध लावला’ असे सरसकट लिहू नये. पेटंट इतकेच सिद्ध करते की अमुक तारखेला अमुक माणसाला अमुक रचनेसाठी ते मिळाले. दुहेरी टाक्याचे शिवणयंत्र हंट यांनी हाव यांच्या आधी बनवले होते, पण पेटंट घेतले नव्हते. विजेच्या दिव्यावर इंग्लंडात जोसेफ स्वान यांचेही काम चालू होते. म्हणून नाव, क्रमांक, तारीख आणि ‘पेटंट मिळाले’ हे शब्द, एवढे पुरे.

आतल्या मजकुराबद्दल शेवटचे. निपाणी असो, चिकोडी असो की बेळगाव, कार्ड घेणारा मराठी असला तरी ज्याला द्यायचे तो मित्र, शिक्षक किंवा शेजारी कन्नड वाचणारा असू शकतो. मुखपृष्ठावर एकही शब्द घालू नका. चित्राची एकच फाइल ठेवून आतल्या बाजूचे तीन प्रकार करा : मराठी, कन्नड आणि कोरे. माझ्या अनुभवात कोरे कार्ड सर्वांत आधी संपते. कन्नड मजकूर कन्नड मातृभाषा असलेल्या माणसाकडून लिहून आणि तपासून घ्यावा. श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंग-सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे हमखास फुटतात, तेव्हा नव्याने टाइप करणे बरे. आणि छपाईला देण्यापूर्वी दोन्ही लिप्यांची अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत, बदलून पुन्हा एकदा कागदावर वाचावीत.

दिवाळीसाठी हा संच हवा असेल तर चित्रे साफ करण्याचे काम आत्ताच सुरू करा, पण कटिंग आणि पॅकिंग भर पावसात करू नका. आपल्याकडचा, विशेषतः खानापूरकडचा, ओलावा जाड कागदाला वाकवतो आणि पिशवीत बंद केलेली वाकडी कार्डे पुन्हा सरळ होत नाहीत. गणपती आटोपल्यावर, उघडीप मिळताच छापून, दोन दिवस वजनाखाली ठेवून मग पाकिटासह भरावीत. किंमत ठरवताना कागद आणि छपाईबरोबर पाकीट, पारदर्शक पिशवी, क्रीजिंगची मजुरी आणि वाया जाणारे ताव हेही धरा. पहिल्या खेपेला पिन, पेन्सिल आणि सायकल ही तीनच चित्रे घ्या. ती साफ करायला सोपी आहेत आणि ओळखायलाही.